सही करण्याआधी एकदा सड्यावर या: मुंबईकर भाऊबंदांना खुलं पत्र

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळातील सर्व काका, दादा, वहिनी, जाऊबाई आणि त्यांच्या मुलानातवंडांना. तसंच गावात राहणाऱ्या ग्रामस्थांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मिरगाचा पाऊस पडून सड्यावरचं, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळपठारावरचं, गवत नुकतं वर आलं होतं, तेव्हा दोन माणसं गाडी घेऊन गावात आली. देवळाजवळ गाडी लावून ती घराघरांत विचारत फिरली. त्यांच्या हातात सड्याचा सातबारा होता. त्यावरची त्रेचाळीस नावं त्यांनी पेनाने टिपून ठेवली होती. कोण वारलं, कोणाची मुलं कुठे असतात, कोणी वारस नोंद केली आणि कोणाची राहिली, हे सगळं ती आपल्याच माणसांना विचारत होती. निम्म्या लोकांचे फोन नंबर त्यांच्याकडे आधीच होते. चार दिवसांनी मला डोंबिवलीहून एका भावोजींचा फोन आला. "वहिनी, सड्याचा चांगला भाव देतायत. मुखत्यारपत्रावर सही केली की बाकीचं सगळं तेच बघणार आहेत. नाहीतरी तिथे काय पिकतं?"

भावोजींनी मनात काही ठेवून विचारलं नव्हतं. मला मात्र फोनवर उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र. एकट्या भावोजींना न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, कारण सातबारावर सगळ्यांची नावं एकाखाली एक आहेत आणि तिथे एकाने उचललेलं पाऊल बाकीच्या बेचाळिसांना सोबत नेतं.

मी या गावात सून म्हणून आले, त्याला एकतीस वर्षं झाली. माझं माहेर घाटावरचं. लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा मला पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, सड्यावर घेऊन गेल्या, तेव्हा मलाही तो काळा कातळ बघून हेच वाटलं होतं की इथे काय पिकणार? मे महिना होता. पाय भाजत होते. सासूबाईंनी मला कातळाच्या कडेला नेलं आणि खाली बोट दाखवलं. आपली वाडी, माडांचे शेंडे, आणि दोन्हींच्या मधोमध पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, हिरवी रेघ. त्या म्हणाल्या, "हे वरचं पाणी आहे." मला तेव्हा काहीच कळलं नाही. कळायला पुढची कितीतरी वर्षं पऱ्यावरून हंडे वाहावे लागले.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. जांभा दिसायला टणक असला तरी आतून सच्छिद्र असतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो चार महिन्यांत पडतो, आणि बहुतेक सगळा उतारावरून धावत समुद्राला मिळतो. सड्यावर मात्र जमीन सपाट आहे. तिथे पाणी थांबतं, खळग्यांत साचतं, भेगांतून आत उतरतं. जांभ्याच्या खाली चिकणमातीसारखा थर असतो, त्याच्या खाली पाण्याला जाता येत नाही. मग ते आडवं सरकत सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्यासारखं बाहेर येतं. आपल्या वाड्या सड्यावर न वसता उताराला वसल्या, त्याचं कारण हेच. विहिरी त्या झऱ्यांच्या ओळीवर खोदल्या. पोफळीच्या बागा त्यांच्याच खाली आल्या. आपल्या पूर्वजांनी घर कुठे बांधायचं हे सड्याकडे बघून ठरवलं होतं, आणि आपण आता सड्याचं काय करायचं ते घराकडे न बघता ठरवायला निघालो आहोत.

सरकारी दप्तरात या जमिनीला पोटखराबा म्हणतात. पीक येत नाही, म्हणून सारा नाही, म्हणून खराबा. महसूल गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने तो शब्द बरोबर असेल. पण सातबारावरचा शब्द वाचता वाचता आपल्याही तोंडी बसला. मुलांना आपण सांगतो, वर काही नाही, नुसता कातळ आहे. गावच्या जैवविविधता नोंदवहीतही तेच झालं. ती नोंदवही करायला बाहेरून माणसं आली होती. दीड दिवसात त्यांनी गाव लिहून संपवलं. आंबा, काजू, फणस, बिबट्या, मोर अशी नावं त्यांनी घातली आणि सड्यासमोर "पडीक" एवढा एकच शब्द लिहिला. मी ते पान पाहिलं तेव्हा फार वाईट वाटलं. गुरं राखण्यात ज्यांचं आयुष्य सड्यावर गेलं अशी म्हातारी माणसं अजून गावात आहेत. त्यांच्यापैकी एकालाही कोणी विचारलं नव्हतं.

त्या पानावर काय लिहायला हवं होतं, ते मी थोडं सांगते. पहिल्या पावसानंतर आठपंधरा दिवसांत कातळाच्या फटींतून दीपकाडी येते. पांढरी, लांब देठाची, गवतात उभी. ती फक्त कोकणात उगवते, जगात आणखी कुठे नाही. श्रावणात तेरडा, कवला. भाद्रपद जवळ आला की ओलसर कातळावर जांभळी पसरते, ती सीतेची आसवं. फूल बोटाच्या पेराहून लहान, पण त्या रोपाच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं, कारण कातळावरच्या बोटभर मातीत पोटाला पुरेल असं काही नसतं. त्याच्या शेजारी पांढरे गेंद, बटणासारखे. खळग्यांतल्या पाण्यात बेडकांची पिल्लं असतात. टिटवी उघड्या कातळावर खड्यांमध्ये अंडी घालते आणि कोणी जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालून ओरडते. चंडोल आहेत, लावे आहेत. आश्विनात गवत पिवळं पडलं की ते कापून गंजी रचायची. त्यावर गावातली गुरं उन्हाळा काढतात. एप्रिलमध्ये कडेच्या जाळ्यांत करवंदं आणि तोरणं. यातलं काहीच "पिकत" नाही, हे खरं आहे. ते कोणी पेरलेलं नाही.

आणि माणसांचं काय? मुंबईकरांनो, तुम्हीच आठवा. तुमच्यातले निम्मे जण सायकल सड्यावर शिकलात, कारण गावात दुसरीकडे सपाट जागाच नाही. मे महिन्यातल्या क्रिकेटच्या स्पर्धा तिथेच होतात. चेंडू कातळावरून असा उसळतो की शहरातून आलेला फलंदाज पहिल्या षटकात गोंधळून जातो. शिमग्यात पालखी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना सड्यावरून जाते, आणि वर पोचल्यावर ढोल थोडा वेळ थांबतो, तेव्हा वाऱ्याचा आवाज येतो. बायका पलीकडच्या गावच्या बाजाराला सड्यावरूनच जायच्या. मी स्वतः मुलाला कडेवर घेऊन कितीदा गेले आहे. संध्याकाळी तिथे उभं राहिलं तर एका बाजूला समुद्राची रेघ दिसते आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री. घरात मन लागेनासं झालं की मी वर जाते. माझे यजमान गेले त्या वर्षी मी जवळजवळ रोज जात होते. कोणाला विचारून जावं लागत नाही, कोणी अडवत नाही, तिकीट नाही, कुंपण नाही. मालक त्रेचाळीस असले तरी चालायला सगळ्या गावाची वाट मोकळी आहे, आणि आजवर कोणत्याही मालकाला ते खुपलेलं नाही. हा रिवाज कुठल्याच कागदावर लिहिलेला नाही. म्हणूनच जमीन एकदा विकली की तो सगळ्यात आधी जाईल.

एक गोष्ट मला कबूल करायची आहे, नाहीतर हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरानेही सड्याचा तुकडा दिला होता. विकला नाही, चिरेखाणीला करारावर दिला. मुलाचं शिक्षण होतं, घराचा एक वासा मोडला होता, आणि यजमानांच्या आजारपणाला पैसे लागत होते. एक एकराहून कमी जागा. पाच वर्षं मशीन चाललं. घर उभं राहिलं, मुलगा शिकला. ते पैसे आमच्या कामी आले, हे मी नाकारत नाही. पण जांभ्याचा थर काढून नेल्यावर खाली जो खड्डा राहिला, तो दरवर्षी पावसात भरतो आणि त्यातलं पाणी झऱ्याकडे जात नाही, तिथेच हिरवं होऊन कुजतं. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची गाभण गाय त्यात पडली. खालच्या पऱ्याचं पाणी आधी एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकायचं, आता फेब्रुवारीत आटतं. खाण आणि पऱ्या यांचा संबंध मी कोणत्याही यंत्राने मोजलेला नाही. पण हंडा घेऊन मीच जात होते आणि अजूनही मीच जाते. मे महिन्यात टँकर येतो तेव्हा रांगेत माझ्या पुढेमागे ज्या बायका उभ्या असतात, त्यांनी माझ्या घराकडे बोट दाखवलेलं नाही. त्याचंच मला जास्त वाटतं.

म्हणून तुम्हाला पैशांची गरज नाही, असं मी म्हणणार नाही. चाळीच्या पुनर्विकासात भाडं भरावं लागतं, मुलींच्या फिया आहेत, म्हाताऱ्यांची औषधं आहेत. गावातल्या पोरांनाही काम हवं आहे, आणि खाणीवरची गाडी चालवून घर चालवणारे आपलेच पुतणे आहेत. माझं म्हणणं एवढंच की सड्याची विक्री ही एका घराची गोष्ट नाही, तिथे एकेकट्याने सही करू नका.

हे नीट समजून घ्या. सामायिक जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा एकट्याला विकता येतो. घेणारा तुमच्या जागी सहहिस्सेदार होतो आणि मग तो वाटप मागू शकतो. त्रेचाळीसपैकी आठ-दहा जणांनी सह्या केल्या की बाकीच्यांना एकतर कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, नाहीतर मिळेल त्या किमतीला विकावं लागतं. त्या दोन माणसांना सगळ्यांच्या सह्या नकोतच, सुरुवातीपुरत्या हव्या आहेत. मुखत्यारपत्राचं तर फार जपा. घरबसल्या सही होते, विसार हातात पडतो, आणि पुढे त्या कागदावर कोणी काय केलं ते तुम्हाला फेरफार झाल्यावर कळतं. आपल्या शेजारच्या गावात असं घडलं. तिथे आता सड्याच्या वाटेवर लोखंडी फाटक आहे आणि पालखी वळसा घालून डांबरी रस्त्याने जाते.

मग काय करायचं? गेले दहा महिने आम्ही काही बायका आणि शाळेतले दोघे शिक्षक याच्या मागे आहोत. वकिलांना भेटलो, वनखात्यात दोनदा जाऊन आलो. जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. मी सुरुवातीला त्याचंच स्वप्न बघत होते. पण आपल्याला तो रस्ता नाही, कारण तो कायदा वनजमिनीसाठी आहे आणि आपला सडा खासगी आहे. त्यांच्याकडून घ्यायचं ते दुसरंच. ते बहुमताने निर्णय घेत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात, मग कितीही बैठका लागोत. आपल्या त्रेचाळीस नावांना हाच मार्ग लागू पडेल.

आपल्यासाठी दोन वाटा दिसतात. एक जैवविविधता कायद्याची. 2002 च्या या कायद्याखाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानजायफळाच्या दलदलीची देवराई आहे, ती अशी जाहीर झाली. अडीच हेक्टरच्या आसपासची जागा आहे, मोठी नाही. आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे, तिथे सापडलेल्या एका लहानशा माशामुळे तिथलं कुंड आणि परिसरही वारसा स्थळ झाला. दुसरी वाट वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या सामुदायिक राखीव क्षेत्राची. त्याचं कलम 36-क मी वकिलांकडून दोनदा वाचून घेतलं. गावाने किंवा व्यक्तीने स्वतःहून पुढे येऊन आपली खासगी वा सामुदायिक जमीन तिथले प्राणी, वनस्पती आणि परंपरेने चालत आलेली मूल्यं जपण्यासाठी द्यायची ठरवली, तर सरकार ती तशी जाहीर करू शकतं. मालकी जात नाही, सातबारावर नावं तुमचीच राहतात. देखभालीच्या समितीत जमीनमालक असतात, पंचायतीचा माणूस असतो आणि वनखात्याचा असतो. त्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा झाला तर समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता लागते. एकट्यादुकट्याच्या सहीने काही होत नाही, आणि मला नेमकं तेच हवं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024 रोजी राजस्थानातल्या ओरणांबद्दल निकाल दिला. ओरण म्हणजे त्यांच्याकडच्या देवराया, पण त्यांत झाडांइतकीच मोकळी चराऊ जमीनही असते. त्यांची मोजणी करून नकाशे करा आणि त्यांना याच कलमाचं संरक्षण द्या, असं न्यायालयाने सांगितलं. ते वाचून मला आपल्या सड्याचीच आठवण झाली. देवराईला आपण हात लावत नाही, कारण तिथे देव आहे. राईतली पडलेली फांदीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय घरी आणत नाही, कौल लावतो. 1970 च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून नोंदवत होते, तेव्हा श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना आपली काळकाईची राई वाचवायला मदत करा अशी विनंती केली होती. राई तुटली तर खालचा ओढा आटेल, हे त्या गावकऱ्यांना ठाऊक होतं. देव आणि पाणी त्यांच्या मनात वेगळे नव्हते. सड्यावर देवाची घुमटी नाही, एवढ्यामुळे आपण त्याला वाऱ्यावर सोडलं.

काही जण म्हणतात, आपल्या सड्यावर कातळशिल्पं असती तर गोष्ट वेगळी. खरंच आहे, आपल्याकडे ती सापडलेली नाहीत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीच्या मंडळींनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून, कोकणच्या सड्यांवरची शेकडो चित्रं उजेडात आणली. कशेळीचा हत्ती 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरले आहेत. कोकणात आज नसलेला गेंडा त्या कातळांवर आहे. 2022 मध्ये अशा नऊ जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या गजशिल्पाभोवती कठडा बांधून ते राखलं. मी तिथे जाऊन आले आहे आणि अगदी भारावून परतले. पण परतताना मनात आलं, ज्या सड्यावर चित्र आहे तो वाचेल आणि ज्यावर नाही तो फुटेल, असं व्हायला नको. चित्राभोवती कठडा घालून चारी बाजूंचा कातळ खाणीला गेला, तर ते चित्र कोरणारा माणूस काय बघत उभा होता, हे कोणाला कसं कळणार? आपला सडा साधा आहे. त्यावर फक्त गवत, पाणी, पाखरं आणि आपली वाट आहे. तेवढ्यासाठीच तो राखावा असं माझं मत आहे.

रिफायनरीच्या वादामुळे बारसूच्या सड्याचं नाव 2023 मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं. त्या वेळी आपल्या गावातही घराघरांत दोन मतं होती आणि काही भावांमध्ये बोलणं बंद झालं, ते अजून नीट सुरू झालेलं नाही. मला तसं इथे व्हायला नको आहे. म्हणून बाहेरचं कोणी दाराशी येऊन ठेपण्याआधी आपलं आपण बोलून घेऊ.

आता थोडं येणाऱ्याजाणाऱ्यांबद्दल. सडा राखायचा म्हणजे कुलूप लावायचं, असं मला म्हणायचं नाही. कासच्या पठाराचं उदाहरण मी बारकाईने बघितलं. सातारा जिल्ह्यातलं ते पठार पश्चिम घाटाबरोबर 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आणि फुलांच्या दिवसांत तिथे माणसांचा पूर लोटायला लागला. तिथल्या गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्क, रोजची मर्यादा, आधी नोंदणी असे नियम केले आणि गावातल्या पोरांना वाट दाखवण्याचं काम मिळालं. त्याच वेळी पठाराला कुंपण घातलं गेलं, गुरं बाहेर राहिली, आणि गवत माजून लहान फुलं मागे हटली, अशी तक्रार सुरू झाली. पुढे ते कुंपण काढलं. मला त्यातून दोन गोष्टी दिसल्या. गुरांचं चरणं हासुद्धा सड्याच्या जगण्याचाच भाग आहे, म्हणून गुराख्याला हाकलून केलेलं संरक्षण आपल्याला नको. आणि दाराशी तिकीटखिडकी बसवायची घाई नको. सडा पाहायला माणसं आलीच तर चालत यावीत. गाडी शाळेपाशी लावावी. कातळावरची माती बोटभर असते, जीपचं चाक एकदा फिरलं की त्या पट्ट्यात पुढची काही वर्षं काही उगवत नाही. गेल्या पावसात कोणी तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सीतेच्या आसवांवर गाडी उभी केली होती. त्या चाकोऱ्या मी या वर्षी जाऊन पाहिल्या, अजून उघड्या आहेत. बाटल्या फोडणाऱ्यांबद्दल काही लिहीत नाही, त्यात गावचेही असतात आणि सगळ्यांना माहीत आहेत.

वणव्याचं मात्र लिहायला हवं. माघ-फाल्गुनात दरवर्षी सडा पेटतो. कधी विडीचं थोटूक, कधी कलमांच्या बागेतला पाला जाळताना सुटलेली आग. दोन वर्षांपूर्वी पाच घरांची कलमं होरपळली आणि गवताच्या गंज्या राख झाल्या. खालच्या वाडीतल्या मुलांनी गेल्या डिसेंबरात कडेने गवत कापून जाळरेषा काढली. स्वतःचा खर्च करून, चार रविवार. यंदा आग त्या रेषेपाशी थांबली. हे मी मुंबईकरांना मुद्दाम सांगते आहे. राखण करायला गावात माणसं आहेत. त्यांना पगार नको आहे, पुढच्या वर्षी ही जमीन आपल्या हातात असेल एवढा भरवसा हवा आहे.

पैशांबद्दलही स्पष्ट बोलते. सडा राखून कोणाला लाखो रुपये मिळणार नाहीत. तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गवताचा लिलाव सामायिक केला तर थोडे येतील, फुलांच्या दिवसांत घरी पाहुणे ठेवले तर काही घरांना चार पैसे सुटतील. ज्यांची अडचण खरीच मोठी आहे, त्यांनी आधी आपल्या मंडळाला सांगावं. मंडळाने मंदिराच्या जीर्णोद्धाराला घराघरातून वर्गणी काढली, कळस चढवला. एखाद्या भावाचा सड्यातला हिस्सा बाहेर जाऊ नये म्हणून तशीच वर्गणी काढून तो गावातच घेता येणार नाही का? मी माझ्या घराच्या वतीने पहिली रक्कम द्यायला तयार आहे. खाणीच्या करारातून जे आलं होतं त्यातलं थोडं मी तेव्हाच बाजूला ठेवलं होतं. ते यासाठी वापरलं गेलं तर मला बरं वाटेल.

आता अडचण सांगते आणि थांबते. ग्रामसभेत आम्ही ठराव करू शकतो, कारण मतदार यादीत नावं आमची आहेत. पण सातबारावर जास्त नावं तुमची आहेत. ठराव इथे होणार, सही तिथून येणार. दोन्ही एकत्र आल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय ठेवला आहे, त्या दिवशी नुसती चर्चा होईल. ठराव 2 ऑक्टोबरच्या सभेत घ्यायचा आहे. मधे गणपती आहेत आणि तेव्हा तुम्ही सगळे घरी असाल. तोपर्यंत कोणीही कशावर सही करू नये, एवढंच मागणं आहे. ज्यांनी विसार घेतला असेल त्यांनीही लपवू नये. कोणी त्यांना नावं ठेवणार नाही, हे मी माझ्याकडून सांगते, आणि सरपंचांनीही तोच शब्द दिला आहे.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेमागच्या पाखाडीने आपण वर चढायचं. मुलांना आणा. लहानांच्या पायात घट्ट चपला असू द्या, कातळ निसरडा असतो. गुरं राखलेले दोन आजोबा सोबत येणार आहेत, त्यांना सड्यावरच्या प्रत्येक खळग्याचं नाव माहीत आहे. शिक्षक वही आणणार आहेत आणि आजोबा सांगतील ती नावं, पाणी कुठे किती दिवस टिकतं ते, कोणतं फूल कुठे येतं ते, सगळं मुलांच्या हातून लिहून घेणार आहेत. नोंदवहीतलं ते "पडीक"चं पान आपल्याला नव्याने भरून पंचायतीला द्यायचं आहे. आमच्या खाणीचा खड्डाही वाटेत लागेल, तो मीच दाखवीन. नंतर पालखी थांबते त्या जागी बसून बोलू. चहा खालून थर्मासमध्ये येईल, तांदळाच्या घावनांचं वरच्या वाडीने कबूल केलं आहे. पाऊस असला तरी जायचं आहे, छत्र्या आणा.

तुमची,
वरच्या वाडीतली एक सून